पाणी अडवलं, आता वाटायचं कसं?

ओसाडमाळ
नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसता वाचतोय. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गाव धाराशिव जिल्ह्यात, भूम-परांड्याकडचं. नोकरी पुण्यात, पण शेती आणि आईवडील गावीच. २०१८च्या उन्हाळ्यात आमच्या गावानं दीड महिना श्रमदान केलं. पहाटे पाचला देवळावरचा भोंगा वाजायचा की जो तो टिकाव-फावडं घेऊन माळावर. ज्या भावकीत वीस वर्षं बोलणं नव्हतं ती एका चरात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मी रजा टाकून गेलो होतो, हाताला फोड आले ते अजून अभिमानानं सांगतो. पाऊस पडला, चर भरले, पुढच्या उन्हाळ्यातही विहिरींना पाणी राहिलं.

मग काय झालं? बोअर पडले. माझ्या माहितीतले एकतीस. त्यातला एक आमचाच, चुलत्यांनी घेतलेला. गावात चार-पाच एकर ऊस होता तो चाळीसच्या वर गेला. तीन वर्षांत विहिरी पुन्हा मार्चमध्ये कोरड्या.

आणि २०२५च्या सप्टेंबरात एकदम उलटं. मेपासून पाऊस होताच, पण सप्टेंबरात ओढ्यानं वाटच बदलली. सोयाबीन गेलं त्याचं एवढं काही नाही, खालची मातीच खरडून गेली. विहीर गाळानं बुजली. वडील म्हणाले, बहात्तरचा दुष्काळ पाहिला, हे असलं नाही पाहिलं.

हवामानबदलाचा विषय निघाला की एक तर "झाडं लावा" म्हणतात, नाहीतर "अमेरिका-चीननं बघावं". या दोहोंच्या मधे गावाला, संघटनेला, चळवळीला काही करता येतं का? तुमच्या पाहण्यात टिकलेलं काही आहे का? पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे, तिथं मला काहीतरी मांडायचंय. भाषण नको, करता येईल असं सांगा.

चष्मेबहाद्दर
पहिला! झाडं लावा.

खडूसकाकू
@चष्मेबहाद्दर, आमच्या इथे दर पाच जूनला लावतात. खड्डा तोच, रोप नवं, पाहुणे नवे. त्या खड्ड्याचा आता वाढदिवस साजरा करायचा राहिलाय.

ओसाडमाळ, धागा आवडला. उगीच ज्ञान पाजळलेलं नाही, म्हणून.

हुरडापार्टी
हिवरे बाजार बघून या. पोपटराव पवार १९८९मध्ये सरपंच झाले तेव्हा त्या गावाची अवस्था तुमच्यापेक्षा वाईट होती. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्यापेक्षा कमीच. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी, श्रमदान ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. पण गाव उभं राहिलं ते सहाव्या सूत्रावर असं माझं मत. शेतीसाठी बोअर नाही. उसाला, केळीला पाणी नाही. पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा: आधी माणसं आणि जनावरं, मग पुढच्या वर्षासाठी थोडं शिल्लक, उरलं त्यात रब्बीला काय बसतं ते बघायचं. पाऊस कमी झाला तर गहू नाही, मुकाट्यानं हरभरा-ज्वारी.

तुम्ही श्रमदान केलंत आणि हे सहावं सूत्र विसरलात.

वैतागवाडी
झालं, हिवरे बाजार आलं. आता राळेगण येईल. तीस वर्षं तीच दोन नावं. महाराष्ट्रात चाळीस हजारांच्या वर गावं आहेत, बाकीच्यांनी काय पोपटराव भाड्यानं आणायचे?

एक चांगला सरपंच असला की गाव सुधारतं, याला मी चळवळ म्हणत नाही. याला नशीब म्हणतात.

हुरडापार्टी
मग तुमच्याकडे काय आहे ते सांगा की. नुसतं वैतागून काय होतंय.

वैतागवाडी
सांगतो. आधी चहा.

मुरूम_मास्तर
निवृत्त शिक्षक आहे, भूगोल शिकवला, त्यामुळे थोडं लांबेल. वर्गात झोपायची सवय असलेल्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावे.

मराठवाड्याच्या पोटात काळा पाषाण आहे. वाळूत पाणी जसं मुरतं तसं यात मुरत नाही. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगा असलेला खडक आणि त्याखाली घट्ट खडक. पाणी मावतं ते मुख्यतः मुरमात आणि भेगांत, तेही थोडं. आपल्या जुन्या विहिरी परसावर, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापानं मोजायच्या, पाच परस, सात परस. त्या याच थरातून पाणी घेतात आणि हा थर दरवर्षी पावसानं भरतो. सातशे-आठशे फुटांचा बोअर खालच्या एखाद्या भेगेत घुसतो. ती भेग भरायला किती वर्षं लागली असतील कोण जाणे, तुम्ही ती चार उन्हाळ्यांत उपसता. शिवाय बोअरला केसिंग, म्हणजे कडेचा पाईप, नीट घातलं नसेल तर वरच्या थरातलं पाणीही त्याच नळीतून खाली जातं. म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीला गळती तुम्ही लावली.

सातबारा वरच्या जमिनीचा असतो. खाली बांध घातलेला नाही. श्रमदानात मुरवलेलं पाणी सगळ्या गावानं मुरवलं आणि उपसलं ते ज्याच्याकडे बोअर मारायला लाख-दीड लाख होते त्यानं. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. हवामानानं त्याला फक्त धार लावली.

राज्याचा २००९चा भूजल कायदा आहे. त्याच्या व्याख्येत साठ मीटरपेक्षा खोल ती "खोल विहीर" आणि तिच्यावर बंधनं आहेत. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्याकडे दोनशे फुटांवर बोअरची गाडी गरमसुद्धा होत नाही.

खडूसकाकू
मास्तर, झोप लागली नाही. आमच्या वेळी कुठे होतात?

पाटकरी
माझं सदस्यनाम बघून कुणालातरी वाटलं असेल पाटकर आडनाव असेल. तसं नाही. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी फिरवणारा माणूस. आमचा मूळ गाव धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी. तिथं फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षांची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एकच पीक, ते कोणतं हे सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं. साधारण प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायचा ठरला, तर नुकसान सगळ्यांचं थोडं थोडं होतं, एकाचा जीव जात नाही.

पाणी मालकानं स्वतः घ्यायचं नाही. ते पाटकऱ्यानं द्यायचं, त्याला त्याबद्दल धान्य मिळायचं. पिकाची राखण करायला जागल्या वेगळा. माझा पणजा पाटकरी होता. घरात सांगतात की त्यानं सख्ख्या भावाचा बारा, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, मोडला होता, चुकीच्या वेळी फोडला म्हणून. भाऊ दोन वर्षं बोलला नाही.

वर मोठं धरण झालं, वीजपंप आले, प्रत्येकाची स्वतःची विहीर झाली, मग पाटकऱ्याला कोण विचारतो. काही बंधाऱ्यांवर अजून चालतं, पण ती जुनी जरब नाही. माझं म्हणणं एवढंच की पाणी वाटून घेणं ही कुणा संस्थेनं शिकवायची गोष्ट नव्हती, आपल्याला येत होती.

मांडवीकाठ
@पाटकरी, वाचून अंगावर काटा आला, कारण आमची गोष्ट हीच आहे, फक्त पाणी खारं.

गोव्यात खाजन जमिनी आहेत, साधारण अठरा हजार हेक्टर. समुद्राची भरती खाडीतून वर चढते. तिला अडवायला मातीचे बांद, आणि बांदाला मानस, म्हणजे लाकडी दरवाजा. भरती आली की तो पाण्याच्या जोरानंच बंद होतो आणि ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. आत भात, मानशीवर मासळी. हे सगळं सांभाळायची गावकारी, म्हणजे मूळ गावकरांची जुनी संस्था. बांद फुटला की कुणाचं शेत पुढे, कुणाचं मागे हे न बघता सगळ्यांनी चिखलात उतरायचं.

पोर्तुगीज गेले, १९६४चा कूळ कायदा आला. कुळाला जमीन मिळाली ती न्यायाचीच गोष्ट, माझ्या आजोबांनाही मिळाली. पण बांद सांभाळायचं काम कुळांच्या संघांकडे गेलं आणि जुनी शिस्त मोडली. मानशीचा लिलाव घेणाऱ्याला मासळीत जास्त पैसे दिसले की तो खारं पाणी आत ठेवतो, भात मरतं. एक शेत पडीक झालं की शेजारचं पडीक. आज समुद्र चढतोय म्हणून परिषदा होतात आणि समुद्र अडवायची चारशे-पाचशे वर्षांहून जुनी व्यवस्था गाळात रुतलीय.

तेव्हा ओसाडमाळ, जुन्या पद्धतीचं कौतुक करा, पण ती कुणाच्या जिवावर चालायची तेही विचारा. आमच्या गावकारीत बायका नव्हत्या आणि बिगर-गावकरही नव्हते.

चष्मेबहाद्दर
मासळीचा विषय निघालाच आहे तर खाजनातल्या चणाकाची सर समुद्रातल्याला येते का? खरं सांगा.

मांडवीकाठ
नाही येत. पण आता धागा पळवू नका.

वैतागवाडी
चहा झाला.

मुद्दा असा की वरचे सगळे "गाव एकत्र आलं" या कवितेत अडकलेत. गाव कधी एकत्र नसतं. ज्याला जमीन नाही त्याचं काय? त्यानं श्रमदानात सगळ्यात जास्त घाम गाळला असणार, कारण त्याला कामाची सवय. मिळालं काय? पाणी ज्याच्या शेतात मुरलं त्याचा ऊस झाला आणि भूमिहीन तो ऊस तोडायला गेला. बीड-धाराशिवची माणसं हे जाणतात.

विलासराव साळुंखेंनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम होता की पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही, माणसांच्या हिशेबानं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. शंभर एकरवाल्यालाही अडीचच. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क बरोबर जात नाही. ऊस नाही. आणि योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा सभासदांनी आधी घालायचा, फुकट काही नाही.

दुसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या येरळा नदीवरचं बळीराजा धरण. मुक्ती संघर्ष चळवळ, भारत पाटणकर वगैरे मंडळी, ऐंशीच्या दशकात. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोक म्हणाले वाळू आमची, थोडी आम्ही विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. सरकारशी भांडून बांधलं. पाणी सगळ्या घरांना समान, भूमिहीनांसकट.

याला चळवळ म्हणतात. खोदायच्या आधी वाटायचं ठरवलं.

ओसाडमाळ
@वैतागवाडी, हे झोंबलं. आमच्याकडे श्रमदानात सगळ्यात पुढे मागासवस्तीतली पोरं होती. त्यांच्या वाट्याला त्या वर्षी बक्षीस समारंभातला वडापाव आला. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही.

खडूसकाकू
वैतागवाडी, तुम्ही चहा घेतल्यावरच लिहीत जा.

निम्मा_डच
मी बावीस वर्षं नेदरलँडमध्ये. खाजनांबद्दल वाचून राहवलं नाही.

इथे पाणी मंडळं आहेत, मध्ययुगापासूनची, बहुतेक नगरपालिकांपेक्षा जुनी. त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात आणि त्यांचा वेगळा कर असतो. मी भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहायचो तेव्हाही मला पाणी मंडळाचं बिल यायचं. पहिल्या वर्षी वाटलं, फसवतायत. शेजारची आजी म्हणाली, "तू समुद्रसपाटीच्या खाली झोपतोस, दर रात्री पंप चालतो, तो कोण चालवणार?"

दुसरी गोष्ट. इथल्या उर्गेंडा नावाच्या संस्थेनं नऊशेच्या आसपास सामान्य नागरिक बरोबर घेऊन सरकारवर खटला भरला. २०१५मध्ये खालच्या कोर्टात जिंकले, डिसेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात. सरकारनं २०२० संपेपर्यंत उत्सर्जन १९९०च्या तुलनेत निदान २५ टक्के कमी करायचं, असा आदेश निघाला. गावपातळी महत्त्वाची आहेच, पण ओसाडमाळ यांची माती खरडून नेणारा पाऊस त्यांच्या ग्रामसभेनं पाडला नाही. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते आणि मग ती अशी एकदम पडते. ज्यांनी तापवली त्यांच्याशी भांडणंही चळवळीचंच काम.

हुरडापार्टी
अगदी मान्य. पण परांड्याच्या शेतकऱ्यानं कोणत्या कोर्टात जायचं? त्याला पंचनाम्याला तलाठी मिळेना.

निम्मा_डच
मान्य. म्हणूनच आम्ही इकडचे लोक तिकडे भांडलो तर तुमचं थोडं काम होतं. दर वर्षी मंडळाच्या गणपतीला वर्गणी काढतो त्यात यंदा हा विषय घेतला होता. तीन जण आले. मोदकांना दोनशे होते.

टेकडीवाला
शहरवाले गप्प का? पुण्यात १५ एप्रिल २०२३ला वेताळ टेकडीसाठी हजारो लोक रस्त्यावर आले. नेहमीचे झोळीवाले कमी, सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा जास्त. टेकडीवर पडणारं पाणी खाली शहराच्या बोअरना मिळतं हे लोकांना पटलं होतं.

मुंबईत आरेला ऑक्टोबर २०१९मध्ये रात्रीतून दोन हजारांवर झाडं तोडली, २९ जणांना अटक झाली. लोक हरले असं म्हणतात. मी म्हणतो, त्या रात्रीनंतर झाड तोडण्याआधी पालिकेला दोनदा विचार करावा लागतो, हेही कमी नाही.

खडूसकाकू
दोनदा विचार करतात आणि मग तोडतात. पण चालू द्या.

आमच्या सोसायटीत चार बोअर आहेत, चारही मेमध्ये कोरडे आणि मग टँकर. पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा केला पाहिजे असं मी सहा वर्षं प्रत्येक वार्षिक सभेत मांडते. सेक्रेटरी म्हणतात, "काकू, जिमचं झालं की बघू." जिमच्या ट्रेडमिलवर आता टॉवेल वाळतात.

मांडवीकाठ
चळवळ जिंकतेही कधीकधी. मोलेंच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री चांदरला हजारो लोक रुळांवर बसले. मी होतो. घुमट ही आमची वाद्यं वाजत होती, कुणीतरी पेज आणली होती. तिथं पंच होते, पाद्री होते, कॉलेजची मुलं होती, ज्यांच्या घरांवर कोळशाची धूळ बसते ते रुळाशेजारचे लोक होते. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव परवानगी रद्द केली. पण त्या दीड-दोन वर्षांत तरुण वकिलांनी, वनस्पतीशास्त्रवाल्यांनी, चित्रकारांनी जे कागदकाम केलं ते रुळांवर बसण्यापेक्षा कंटाळवाणं होतं. त्यांचे फोटो कुणाकडे नाहीत.

एक_एकरवाली
मी कळंब तालुक्यातली. बचत गटाचं काम करते. मोबाईलवर टाईप करते, चुका झाल्या तर हसू नका.

तुम्ही सगळे पाणी पाणी म्हणता. आमच्याकडं पीक कोणतं घ्यायचं हे बायकांना कुणी विचारीत नव्हतं. सोयाबीन, ऊस, सगळं नगदी. घरात खायाला बाजारातून आणायचं. २०१५-१६च्या दुष्काळात लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाची गोष्ट. स्वयम् शिक्षण प्रयोग संस्था आमच्या भागात किल्लारीच्या भूकंपापासून काम करते. त्यांच्या ताया म्हणायच्या, नवऱ्याकडून एक एकर मागून घ्या. फक्त एक. त्यात तुमच्या मनानं पेरा.

मी मागितलं. सासरे म्हणाले, तो मुरमाड तुकडा घे, तिथं काही येत नाही. घेतला. ज्वारी, तूर, मूग, तीळ, अंबाडी, बांधाला शेवगा, थोडा भाजीपाला. गांडूळखत घरचं. पाणी थोडंच लागतं. पहिल्या वर्षी नवरा हसला. दुसऱ्या वर्षी पाऊस मधेच पंचवीस दिवस गेला तर त्यांचं सोयाबीन वाळलं, माझी तूर उभी. तिसऱ्या वर्षी मी न मागता त्यांनी अजून अर्धा एकर दिला.

आता २०२५च्या पावसात माझंही अर्धं गेलं, खोटं नाही सांगत. मूग कुजला. पण ज्वारी नंतर रब्बीला पेरली, कडबा झाला, शेळ्या जगल्या. सगळं एकाच पिकावर असतं तर सगळंच गेलं असतं.

भाऊ, ग्रामसभेत मांडायचं असंल तर आधी महिलांची सभा घ्या. नियमात आहे ती, ग्रामसभेच्या आधी घ्यायची. कागदावर सह्या होतात, सभा होत नाही.

खडूसकाकू
एक_एकरवाली, इथे नियमित लिहा हो. हसण्यासारखं एक अक्षर नाही यात.

मुरूम_मास्तर
बहुमोल प्रतिसाद. हिशेबासाठी एक पुरवणी. उसाला हवामानाप्रमाणे दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, ज्वारीला साधारण साडेचारशे ते साडेसहाशे. एक हेक्टरवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर. सभेत फळ्यावर हे एकदा मांडा. गावाचं क्षेत्र, पाऊस, त्यातलं मुरलं किती, आणि चाळीस एकर ऊस पितो किती. शाळेतल्या सातवीच्या पोरांकडून करून घ्या. पोरांनी मांडलेला हिशेब बाप खोडत नाही.

चष्मेबहाद्दर
पोरानं मांडलेला हिशेब माझ्या बापानं कायम खोडला. विषय पॉकेटमनीचा होता.

वैतागवाडी
@मुरूम_मास्तर, उसावर बंदी घाला म्हणणं सोपं. ऊसवाला मूर्ख नाही. गारपीट झाली, पाऊस लांबला, व्यापाऱ्यानं भाव पाडला, तरी उसाला ठरलेला दर आणि नेणारा कारखाना आहे. तुरीला हमीभाव कागदावर. बदलत्या हवामानात शेतकरी जोखीम कमी करायला बघतो आणि नेमकं सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक त्याला सुरक्षित वाटतं. हे कोडं ग्रामसभेत सुटणार नाही. डाळ सरकारनं रेशनवर घ्यावी यासाठी जी चळवळ लढेल तीच खरी हवामानाची चळवळ, तिच्या फलकावर हवामान हा शब्द नसला तरी.

हुरडापार्टी
आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. तारीख लिहून ठेवतो.

शेततळ्याचंही तेच. पाऊस अडवायला काढलेली योजना. आमच्याकडे प्लॅस्टिक अंथरून, बोअरचं पाणी उपसून त्यात भरतात आणि उन्हात वाफ करतात. वर म्हणायचं, जलसंधारण.

पाटकरी
उलट बाजूही सांगतो. जालन्याच्या कडवंचीत शेततळ्यांवर द्राक्षं उभी राहिली आणि दुष्काळातही टिकली. पण तिथं आधी माथा ते पायथा बांधबंदिस्ती झाली होती. क्रम महत्त्वाचा.

ओसाडमाळ
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आईला एक_एकरवालींचा मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला कुणी मुरमाडसुद्धा दिला नाही."

पण आता मला नेमकं सांगा. बोअरबंदीचा ठराव मांडला तर पहिला विरोध चुलत्यांचा. गणपूर्तीही होत नाही आमच्याकडे.

वैतागवाडी
गणपूर्ती शंभर किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, जे कमी असेल ते. झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आजवर याचा फायदा गावच्या पुढाऱ्यांनी घेतला, एकदा तुम्ही घ्या :)

पाटकरी
नको. आठ माणसांनी केलेला बोअरबंदीचा ठराव आठ दिवस टिकत नाही. माझ्या पणजाला बारा मोडता आला कारण नियम भावानंही मान्य केलेला होता.

गडचिरोलीचं मेंढा-लेखा आठवा. २००९मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क ज्यांना मिळाले त्यांतलं गाव. तिथं निर्णय सर्वसहमतीनं, मतदान नाही. एक जरी नको म्हणाला तरी बोलत बसायचं. आणि त्याआधी वर्षानुवर्षं अभ्यास गट चालले. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना माहीत, ते बोलत बसणं कुणाला माहीत नाही.

खडूसकाकू
आमच्या सोसायटीत सर्वसहमती म्हटलं तर सूर्य लाल राक्षस होऊन पृथ्वी गिळेपर्यंत सभा चालेल.

एक_एकरवाली
बंदी पहिल्याच सभेत मागू नका भाऊ. आधी मोजा. विहिरींचं पाणी किती खाली गेलं ते दर महिन्याला देवळाच्या भिंतीवर लिहा. आमच्याकडं भांडण तिथूनच चालू झालं, चांगलं भांडण.

मुरूम_मास्तर
हेच सांगणार होतो. वरची, मधली, खालची अशा पाच-सहा विहिरी निवडा. शाळेत पर्जन्यमापक बसवा. ताळेबंद खरं तर ऑक्टोबरात मांडायचा असतो, यंदा उशीर झालाय. पण मोजायला मुहूर्त लागत नाही.

*(बारा दिवसांनी)*

ओसाडमाळ
सभा झाली. महिलांची आधी झाली, खरोखरची. चौतीस जणी आल्या. ग्रामसेवकांना सतरंजी शोधावी लागली, कारण यापूर्वी कधी लागलीच नव्हती.

मुख्य सभेत बोअरबंदीचा विषय काढताच गोंधळ. एक जण म्हणाला, पुण्यात एसीत बसणाऱ्यानं आम्हाला पाणी शिकवू नये. मी गप्प बसलो, कारण एसी आहे. सातवीच्या पोरींनी फळ्यावर हिशेब मांडला तेव्हा मात्र शांतता झाली. बंदी झाली नाही. एवढं ठरलं: नवा बोअर घेण्याआधी ग्रामसभेत सांगायचं, सहा विहिरी दर महिन्याच्या एक तारखेला मोजायच्या, आणि ओढ्याकाठचं खरडलेलं रान नीट करायला रोजगार हमीतून पहिलं काम भूमिहीन आणि मागासवस्तीतल्या घरांना. हा शेवटचा मुद्दा महिला सभेतून आला, माझा नाही.

हुरडापार्टी
अभिनंदन! पार्टी तुमच्याकडे. हुरडा आम्ही आणू.

वैतागवाडी
"ग्रामसभेत सांगायचं" म्हणजे परवानगी नाही, नुसतं सांगायचं. पळवाट ठेवलीच. पण ठीक. त्या सहा विहिरींत चुलत्यांची आहे का?

ओसाडमाळ
आहे. पहिली तीच मोजली. चुलते काठावर उभे राहून म्हणत होते, दोरी नीट धर, दोन फूट उगीच खाली दाखवशील.

मुरूम_मास्तर
दोरी वापरू नका. ओली झाली की तिची लांबी बदलते आणि चुलते पुढच्या महिन्यात तेच म्हणतील. मोजपट्टीला वजन बांधा. आणि काठावरच्या एकाच दगडावर रंगानं खूण करा, दर वेळी तिथूनच मोजायचं.